शिफारशीबाहेरची प्रसूती निवडणाऱ्या स्त्रीची संमती कशी घ्यावी: प्रसूतितज्ज्ञांसाठी मार्गदर्शन

दोन सिझेरियन झालेली स्त्री तिसऱ्या खेपेला नॉर्मल प्रसूतीचा प्रयत्न करायचा आहे असे सांगते, पायाळू बाळ असलेली सिझेरियनला नको म्हणते, एखादी ४१ आठवडे उलटले तरी कळा आपोआप येण्याचीच वाट पाहते. अशा वेळी आपल्या बहुतेक ओपीडींमध्ये तिला दोनपैकी एक उत्तर मिळते. एक तर ‘हे आमच्याकडे होणार नाही’, नाही तर ‘तुमच्या जबाबदारीवर करा, इथे सही करा’. पहिले उत्तर ऐकून ती दुसरा दवाखाना शोधते किंवा कळा पार वाढेपर्यंत घरीच थांबते, आणि मग आपल्या दारात येते ती सर्वांत धोक्याच्या क्षणी, कोणाचीच काही तयारी नसताना. दुसऱ्या उत्तराने एक कागद तयार होतो. संमती मात्र होत नाही.

तिचा निर्णय डॉक्टरला पटलाच पाहिजे असे नाही. तो निर्णय तिने पुरेशी माहिती घेऊन, कोणाच्या दबावाखाली न येता घेतला आहे याची खात्री करणे, आणि तो आपल्या सल्ल्याविरुद्ध असला तरी त्यातल्या त्यात तिला व बाळाला सुरक्षित ठेवणे, ही दोन्ही कामे मात्र डॉक्टरचीच आहेत. ती कशी करावीत हे पुढे सांगितले आहे.

नियम नक्की कोणाचा, हे आधी तपासा

‘हे नियमात बसत नाही’ असे म्हणण्याआधी तो नियम कुठून आला हे स्वतःला विचारावे. आपण नियम म्हणून पाळतो त्यातल्या कितीतरी गोष्टी केवळ त्या दवाखान्याची वहिवाट असतात. प्रसूतीच्या वेळी जवळचे एक माणूस सोबत असावे, असे केंद्र सरकारचा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला ‘लक्ष्य’ कार्यक्रमच सांगतो. प्रत्येकीला योनीमार्गाच्या तोंडाशी सरसकट छेद (एपिझिओटॉमी) देऊ नये, कळा देताना तिला सोयीची स्थिती घेऊ द्यावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ सालची शिफारस आहे. त्यामुळे ‘मला आडवे झोपून कळा द्यायच्या नाहीत’ किंवा ‘गरज नसताना टाके नकोत’ असे म्हणणारी स्त्री शिफारशींच्या बाहेर गेलेली नसते. बऱ्याचदा आपला लेबर रूमच त्यांच्या मागे राहिलेला असतो.

दोन सिझेरियननंतरच्या नॉर्मल प्रसूतीचेही असेच आहे. आपल्याकडील अनेक रुग्णालयांत दोन सिझेरियन म्हटले की तिसरे ठरलेले, असा शिरस्ता आहे. ब्रिटन आणि अमेरिका येथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या मार्गदर्शक सूचना मात्र, दोन्ही वेळचा छेद गर्भपिशवीच्या खालच्या भागात आडवा असेल आणि अनुभवी तज्ज्ञाने सविस्तर समजावले असेल, तर हा पर्याय विचारात घेता येतो असे म्हणतात. याउलट, मागे गर्भपिशवी फाटलेली असेल, छेद उभा व वरच्या भागातला असेल किंवा वार (प्लासेंटा) गर्भपिशवीच्या तोंडावर असेल, तर प्रश्न वहिवाटीचा राहत नाही आणि डॉक्टरने तितक्याच स्पष्टपणे ‘हे करू नका’ असे सांगितले पाहिजे. हे तीन स्तर, म्हणजे दवाखान्याची पद्धत, मार्गदर्शक सूचना आणि खरोखरचा मज्जाव, आपल्या स्वतःच्या मनात वेगळे झाल्याशिवाय समोरच्या स्त्रीला प्रामाणिक माहिती देता येत नाही.

कायदा काय मागतो

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या जानेवारीत दिलेला निकाल प्रत्येक प्रसूतितज्ज्ञाने एकदा मुळातून वाचावा. रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईला विचारून गर्भपिशवी आणि बीजकोश काढण्यात आले होते. रुग्ण सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती आणि जिवावर बेतलेले असे काही नव्हते. म्हणून आईची संमती ही तिची संमती ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. संमती देणाऱ्याला उपचाराचे स्वरूप, पर्याय, धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल हे कळलेले असले पाहिजे. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावे लागणारे उपचार एवढाच काय तो अपवाद.

हाच तर्क नवऱ्याच्या सहीला लागू होतो. सज्ञान स्त्रीच्या सिझेरियनसाठी तिची स्वतःची संमती आवश्यक आणि पुरेशी असते. नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही साक्षीदार म्हणून घ्यायला हरकत नाही, पण त्यांनी ‘हो’ म्हटले म्हणून तिचा नकार पुसला जात नाही आणि त्यांनी सही केली नाही म्हणून तिचे सिझेरियन अडवून ठेवता येत नाही. तसेच, ‘काही झाले तर डॉक्टर जबाबदार नाहीत’ असे लिहून घेतलेला कागद निष्काळजीपणाच्या आरोपात ढाल ठरत नाही. आपल्याला उपयोगी पडते ती त्या-त्या वेळी, तारीख-वेळ घालून केलेली नोंद.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ मधील माँटगोमेरी निकालही लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यात गोष्ट उलटी घडली होती. मधुमेह असलेल्या, ठेंगण्या बांध्याच्या माँटगोमेरी या मातेला बाळाचा खांदा अडकण्याची सुमारे ९ ते १० टक्के शक्यता होती. हे सांगितले तर ती सिझेरियन मागेल, म्हणून डॉक्टरांनी सांगितले नाही. प्रसूतीत खांदा अडकला आणि बाळाला कायमचे अपंगत्व आले. त्या विशिष्ट स्त्रीला जो धोका महत्त्वाचा वाटला असता तो तिला सांगितलाच पाहिजे, असा निकष तेथील न्यायालयाने घालून दिला. आपल्या न्यायालयाने २००८ मध्ये इतका कडक निकष स्वीकारला नव्हता, पण चांगल्या डॉक्टरने कायद्याच्या किमान मर्यादेवर थांबू नये. तिचा कल आपल्याला नको तिकडे जाईल म्हणून माहिती गाळणे ही चूक सिझेरियन टाळण्यासाठी केली काय किंवा सिझेरियन करण्यासाठी केली काय, चूकच आहे.

माहिती कशी द्यावी

सुरुवात तिच्या बोलण्यापासून करावी. ‘नॉर्मलच हवे’ या दोन शब्दांमागे काय आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. मागच्या वेळी टाके चिघळून दीड-दोन महिने हाल झाले असतील, घरी लहान मूल उचलायला दुसरे कोणी नसेल, शेतावर किंवा कारखान्यात लवकर परतायचे असेल, खर्चाची धास्ती असेल, किंवा मागच्या प्रसूतीत कोणी काही न सांगता आत नेऊन भूल दिली असेल. शेवटचे कारण आपण समजतो त्यापेक्षा फार वेळा असते, आणि तिथे तिचा नकार सिझेरियनला नसून पुन्हा तशी वागणूक मिळण्याला असतो. कारण कळले की कधी कधी तिसराच मार्ग सापडतो: सिझेरियनच, पण नवरा किंवा बहीण सोबत, बाळ लगेच छातीशी, प्रत्येक गोष्ट आधी सांगून.

त्यानंतर जुने कागद. आपल्याकडे बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने आधीचे सिझेरियन एका गावात आणि आताची तपासणी दुसऱ्या गावात, असे सर्रास होते. आणि डिस्चार्ज कार्डावर ‘एलएससीएस’ (म्हणजे गर्भपिशवीच्या खालच्या भागातले सिझेरियन) या चार अक्षरांपलीकडे काही नसते. छेद कसा होता, तो वाढवावा लागला होता का, ताप किंवा जंतुसंसर्ग झाला होता का, हे ऑपरेशन नोटवरूनच कळते. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे देणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे, मात्र आंतररुग्णांची कागदपत्रे जपून ठेवण्याची सक्ती ३ वर्षांचीच आहे. म्हणून हा शोध पहिल्या भेटीतच सुरू करावा. नवव्या महिन्यात फार उशीर झालेला असतो.

आकडे सांगताना ‘धोका दुप्पट होतो’ असे म्हणू नये, कारण कशाच्या दुप्पट हे ऐकणारीला माहीत नसते. शंभर किंवा हजार बायका डोळ्यांसमोर आणून द्याव्यात. दोन सिझेरियन झालेल्या स्त्रीशी बोलणे साधारण असे करता येईल:

“ताई, आधी एक सिझर झालेल्या हजार जणींनी नॉर्मलचा प्रयत्न केला, तर साधारण पाच जणींचा आतला जुना टाका कळांमध्ये उसवतो. दोन सिझर झालेल्या हजार जणींमध्ये ही संख्या तेरा-चौदापर्यंत जाते. म्हणजे साडेनऊशेहून जास्त जणींना तसं काही होत नाही, पण जिला होतं तिला काही मिनिटांत ऑपरेशन लागतं. बाळ दगावू शकतं, त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते, आणि रक्तस्राव थांबला नाही तर गर्भपिशवी काढावी लागू शकते. दुसऱ्या बाजूला, शंभरातल्या सत्तरएक जणींची नॉर्मल होते असं अभ्यासांत दिसलं आहे. पण त्यातल्या बऱ्याच जणींची आधी एकदा तरी नॉर्मल झालेली होती. तुमची झालेली नाही, म्हणून तुमची शक्यता त्याहून कमी धरायला हवी.”

मग तिसऱ्या सिझेरियनचेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. चिकटलेले पडदे, मूत्राशयाला इजा, रक्तस्राव. आणि तिला पुढे आणखी मूल हवे असेल तर त्या गरोदरपणात वार खाली येऊन जुन्या टाक्यात रुतण्याचा धोका. चौथे सिझेरियन होणार असलेल्या स्त्रीची वार गर्भपिशवीच्या तोंडावर असेल, तर ती रुतलेली सापडण्याची शक्यता अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात सुमारे ६० टक्के आढळली. ‘मला एवढंच मूल हवं आहे’ म्हणणाऱ्या स्त्रीसाठी हा आकडा फारसा कामाचा नाही, आणि ‘घरच्यांना अजून एक हवं आहे’ म्हणणारीसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. माहिती माणसागणिक बदलते ती अशी.

यानंतरचा भाग आपण सहसा वगळतो, आणि तोच सर्वांत अडचणीचा असतो: आपल्या दवाखान्याची खरी स्थिती. अभ्यासांतले आकडे बहुतांशी अशा रुग्णालयांतून येतात जिथे ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी असते. तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ तीन-चार नर्सिंग होम सांभाळत असतात, रात्री फोन केल्यावर निघतात, आणि रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी असते. टाका उसवल्यावर अर्ध्या तासाचा फरक हा बाळाच्या जगण्या-मरण्याचा फरक असतो. तेव्हा “आमच्याकडे रात्री ऑपरेशन सुरू व्हायला एवढा वेळ लागतो” हे वाक्य खऱ्या मिनिटांसह तिला सांगितलेच पाहिजे. ते सांगून तिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा चोवीस तास भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी सविस्तर पत्रासह पाठवणे हीच तिच्या निवडीला दिलेली साथ. ३० व्या आठवड्यात पत्र, जुने कागद आणि तिथल्या डॉक्टरांना केलेला फोन यांसह पाठवणे म्हणजे जबाबदारी पार पाडणे; ३९ व्या आठवड्यात कळा सुरू झाल्यावर ‘पुढे घेऊन जा’ म्हणणे म्हणजे ती झटकणे.

एका बैठकीत हे सारे होत नाही. पहिल्यांदा सांगावे, मराठीत लिहिलेले एखादे पान घरी द्यावे, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवावे, आणि त्या वेळी “तुम्हाला काय समजलं ते मला तुमच्या शब्दांत सांगा” असे म्हणावे. तिने “टाका उसवला तर बाळाचे ठोके आधी बिघडतात, म्हणून मशीन लावून ठेवायचं” असे सांगितले, तर समजले आहे. “देव बघेल” असे म्हणाली, तर रागावू नये, पुन्हा समजवावे. मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगराळ भागात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या स्त्रीशी बोलताना दुभाषी म्हणून नवऱ्याला न घेता तिची भाषा जाणणाऱ्या आशाताईंना किंवा परिचारिकेला बोलवावे.

घरच्यांशी बोलताना

पाश्चात्त्य मार्गदर्शिकांमध्ये घरच्यांचा विषय एका ओळीत आटोपलेला असतो. आपल्याकडे तसे करून चालत नाही. रात्री दोन वाजता लेबर रूमबाहेर सासू, भाऊ आणि चुलते उभे असतात, आणि काही बिघडले तर जाब तेच विचारतात. म्हणून क्रम पाळावा. आधी तिच्याशी एकटीशी बोलावे, यात तडजोड नको; रक्तदाब तपासण्याच्या निमित्ताने का होईना, पण बाकीच्यांना बाहेर बसवावे. निर्णय खरोखर तिचा आहे की सासूबाईंना ‘सिझरवाली सून’ नको आहे, हे एकांतातच कळते. मग तिची परवानगी घेऊन घरच्यांना बोलवावे, आणि ठरले आहे ते तिच्यासमोर, शक्य तर तिच्याच तोंडून त्यांना कळू द्यावे. त्यांच्या शंकांना उत्तरे द्यावीत, पण मतदान घेऊ नये.

बोलताना धाक घालू नये. “बाळ मेलं तर माझ्याकडे येऊ नका” हे वाक्य आपल्या लेबर रूममध्ये ऐकू येते हे खेदाने मान्य करावे लागते. घाबरून दिलेला होकार हा होकार नसतो. आणि ज्या डॉक्टरने असे म्हटले त्याला ती पुढचे दुखणे, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल कमी झाल्याचे सांगायला कचरते. स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नीतिविषयक समितीनेही, निर्णयक्षम स्त्रीवर बाळाच्या हितासाठीसुद्धा तिला नको असलेला उपचार किंवा शस्त्रक्रिया लादू नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

नोंद कशी असावी

छापील संमतीपत्र हवेच, पण खरी किंमत केस पेपरवरच्या हस्ताक्षरातल्या नोंदीला असते. आपली शिफारस, तिचा निर्णय आणि तिचे कारण हे तीनही वेगवेगळे दिसले पाहिजे. नमुना म्हणून:

“३४ आठवडे. दोन सिझेरियन: पहिले बाळाचे ठोके कमी झाल्याने, दुसरे आधीच्या सिझेरियनमुळे ठरवून. दोन्ही ऑपरेशन नोट पाहिल्या, छेद खालचा आडवा. वार वरच्या बाजूस. आमची शिफारस: ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर ठरवून सिझेरियन. रुग्णाचा निर्णय: कळा आपोआप आल्यास नॉर्मलचा प्रयत्न. कारण, तिच्या शब्दांत: ‘मागच्या वेळी टाके पिकले, बाळाला महिनाभर नीट घेता आलं नाही.’ टाका उसवण्याचा, बाळ दगावण्याचा व गर्भपिशवी काढावी लागण्याचा धोका सांगितला; तिने स्वतःच्या शब्दांत परत सांगितला. मान्य: शिरेत सुई, रक्त राखीव, ठोक्यांचे मशीन सतत, ठोके बिघडल्यास तातडीचे सिझेरियन. अमान्य: कळा सुरू करण्याचे औषध. पुन्हा चर्चा ३८ व्या आठवड्यात.”

मान्य आणि अमान्य वेगळे लिहिण्याला फार अर्थ आहे. एका गोष्टीला नकार दिला म्हणून तिने सगळ्यालाच नकार दिला असे आपण नकळत धरतो. सतत मशीन नको म्हणणारी स्त्री दर पंधरा मिनिटांनी ठोके ऐकू द्यायला बहुधा तयार असते. दिवस भरून गेल्यावर कळांचे औषध नको म्हणणारी आठवड्यातून दोनदा बाळाची तपासणी आणि गर्भजलाची सोनोग्राफी करून घेते. या प्रत्येक छोट्या होकारात सुरक्षितता वाढते, आणि तो विचारल्याशिवाय मिळत नाही. ही नोंद लेबर रूममधल्या सिस्टर, निवासी डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यापर्यंत आधीच पोहोचवावी, नाही तर ओपीडीत ठरलेले सारे रात्रपाळीला पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि कळा देणाऱ्या स्त्रीला चौघांशी चार वेळा वाद घालावा लागतो.

कळा सुरू असताना

वेदनेमुळे स्त्रीची निर्णयक्षमता जात नाही. ती ओरडत असली तरी ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणू शकते, आणि आधीचा निर्णय कोणत्याही दिशेने बदलू शकते. “आता सिझर करा” असे तिने म्हटले, तर “तुम्हीच नॉर्मल हवं म्हणाला होतात” हे उत्तर नव्हे. प्रत्येक आतल्या तपासणीआधी दोन कळांच्या मधल्या वेळात विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

बाळाचे ठोके बिघडणे हे टाका उसवण्याचे सर्वांत भरवशाचे लक्षण आहे. कळ ओसरल्यावरही न थांबणारे पोटातले दुखणे, रक्त जाणे, लघवीत रक्त, नाडी वाढणे, कळा अचानक थांबणे किंवा खाली आलेले डोके पुन्हा वर जाणे ही इतर. यांपैकी काही दिसले तर बोलणे थोडक्यात, पण खरे असावे: “ताई, ठोके खाली आले आहेत, आतला टाका उसवत असावा असं वाटतंय. आपण आधी बोललो होतो तसं लगेच ऑपरेशन करायला हवं. करू ना?” आधी बोलणे झालेले असेल तर या प्रश्नाचे उत्तर एका क्षणात येते. त्याही वेळी तिने नकार दिला, तर कारण विचारावे, दुसऱ्या वरिष्ठ डॉक्टरांना बोलवावे, तिच्या विश्वासातल्या माणसाला आत घ्यावे, थिएटर तयार ठेवावे आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारत राहावे. हात धरून भूल देऊ नये. आणि तिला एकटी सोडून जाऊ नये.

मागणी आणि नकार यांतला फरक

उपचार नाकारण्याचा हक्क आणि हवा तो उपचार मागण्याचा हक्क यांचे वजन सारखे नाही. मुहूर्तावर ३७ व्या आठवड्यात सिझेरियन करा, ही आपल्याकडची नेहमीची मागणी. तिथे डॉक्टर नाही म्हणू शकतो, आणि म्हणावे. ३९ आठवड्यांपूर्वी ठरवून सिझेरियन केल्यास बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवावे लागण्याची शक्यता वाढते. पत्रिकेचे महत्त्व त्या घराला वाटत असेल तर त्याची टर उडवू नये. ३९ आठवड्यांनंतरची कोणती वेळ चालेल हे विचारावे.

घरीच बाळंतपण म्हणणाऱ्या कुटुंबाशी

दुर्गम पाड्यांवर हा प्रश्न बहुधा आवडीचा नसतो. रस्ता, रोजगार बुडणे आणि दवाखान्यात झालेला अपमान यांतून तो येतो. म्हणून सरकारच्या माहेरघर योजनेत प्रसूतीआधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळ राहता येते हे सांगावे, आणि अडचण ऐकून घ्यावी. तरीही नकार कायम राहिला तर तपासण्या बंद करू नयेत. प्रशिक्षित परिचारिका येऊ शकेल का, १०८ ची रुग्णवाहिका पाड्यापर्यंत पोहोचते की डांबरी रस्त्यापर्यंतच, तिथवर झोळीने कोण आणील, रक्तस्राव किती झाला म्हणजे निघायचे, हे आशाताईंच्या समोर ठरवून लिहून द्यावे. शहरातली सुशिक्षित जोडपीही आता घरच्या प्रसूतीविषयी विचारू लागली आहेत. त्यांना सांगावे की इंग्लंडमधील मोठ्या अभ्यासात पहिलटकरणींपैकी जवळजवळ ४५ टक्के स्त्रियांना घरून रुग्णालयात हलवावे लागले, आणि तेही प्रशिक्षित सुईणी व रुग्णवाहिका यांची बांधलेली व्यवस्था पाठीशी असताना.

प्रसूतीनंतर

शेवट कसाही झाला असो, डिस्चार्जआधी दहा मिनिटे तिच्याजवळ बसावे. ठरल्याप्रमाणे काय झाले, काय बदलावे लागले आणि का, हे सांगावे. सिझेरियन झाले असेल तर छेद कुठे व कसा घेतला, तो वाढवावा लागला का, आणि पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येईल की नाही याविषयीचे आपले मत डिस्चार्ज कार्डावर पूर्ण वाक्यात, वाचता येईल अशा अक्षरात लिहावे आणि ऑपरेशन नोटची प्रत तिच्या हातात द्यावी.